दिग्रसच्या भिंतीवरचा अरबी कागद

परवा दिग्रसहून लग्नाची पत्रिका आली. मुसलमानांच्या पत्रिकेत खाली नावांची एक यादी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं ‘चश्म-ब-राह’, म्हणजे तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. आपल्या पत्रिकेतले ‘विनीत’ आपलं वाकून उभे असतात, इथले डोळे लावून बसतात, एवढाच फरक. या यादीतलं पहिलं नाव ज्याचं आहे, त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. फक्त एकदा, मिनिटभर, फोनवर ऐकलं आहे. ते नाव वाचलं आणि चष्मा पुसून लगेच लिहायला बसले, नाहीतर माझ्या आळसाने हे प्रवासवर्णन राहूनच गेलं असतं.

प्रवासवर्णन म्हटलं की लोक विचारतात, कुठे गेला होतात? घाटंजी आणि दिग्रस, असं सांगितलं की हसतात. हसू द्या.

यवतमाळ

मी यवतमाळच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यातला एक पेपर होता ‘आधुनिक मुस्लिम जग : धर्म, राजकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंध’. ‘मुस्लिम जग एकसंध आहे काय? चर्चा करा’ हा प्रश्न मी एक वर्षाआड काढायची. निम्मी मुलं ‘होय’ म्हणून चार पानं लिहीत, निम्मी ‘नाही’ म्हणून चार पानं लिहीत, आणि मी दोघांनाही पंधरापैकी नऊ देऊन मोकळी होत असे. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंतचा नकाशा मी फळ्यावर न बघता काढू शकते. पण एसटीने दोन तासांवर असलेल्या दिग्रसच्या मोहल्ल्यात मी उभ्या आयुष्यात एकदाही जेवले नव्हते. वडील कलेक्टर कचेरीत, आजोबा वकिलाकडे कारकून. आमच्या घराचं येणं-जाणं कुणाकडे असावं हे ठरलेलं होतं. ते कुणी ठरवलं, हे मात्र आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एका प्राध्यापक मैत्रिणीचा फोन आला. तिचा एक पीएच.डी.चा विद्यार्थी, उस्मान नावाचा, सुदानचा. घरचा कापसाचा शेतकरी, नाईलच्या दोन फाट्यांच्या मधल्या जझीरा नावाच्या मुलखातला. कापूस आणि राजकारण असा काहीतरी त्याचा विषय होता, आणि त्याला यवतमाळ बघायचं होतं. मला आधी रागच आला. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणाने येतं, आणि ते वाचून वही-पेन घेऊन कोणी ना कोणी येऊन टपकतं. मी फोनवरच उस्मानला विचारलं, “तुम्हाला इथे नेमकं काय बघायचंय?”

तो म्हणाला, “मॅडम, माझ्या जिल्ह्याचं नाव पण फक्त वाईट बातमीत येतं. मला बघायचंय, तुमच्याकडे लोक काय जेवतात.”

मी म्हटलं, ये बाबा.

तो आला तेव्हा आमच्या दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ आपटलं. इतका उंच माणूस मी सर्कशीबाहेर पाहिला नव्हता. मराठी तो पुण्याच्या घरमालकिणीकडून शिकलेला होता. त्यामुळे ‘अहो, चपला बाहेर काढा’ आणि ‘पाणी जपून वापरा’ ही दोन वाक्यं त्याच्या तोंडून अगदी स्वच्छ येत. बाकीचं मराठी मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी. कपाळ चोळत त्याने पहिला प्रश्न केला, “मॅडम, तुमच्या पेपरात सुदान आहे?”

“एक परिच्छेद आहे,” मी म्हटलं.

“नवीन करा. आता दोन परिच्छेद.” त्याच्या देशाचे नुकतेच दोन देश झाले होते. तो हसला, पण लगेच खिडकीबाहेर बघायला लागला.

घाटंजी

घाटंजीला आठवडी बाजार होता. एसटीतल्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की उस्मानच्या गुडघ्यांना जागा मिळावी म्हणून पुढच्या सीटवरच्या बाईंनी आपली कोंबडी मांडीवर घेतली. दोन्ही बाजूंना कापूस फुटून पांढरा झाला होता. उस्मान प्रत्येक शेताकडे मान वळवून बघे आणि हिशेबी शेतकऱ्यासारखा पुटपुटे, “पाणी नाही. ह्याला पण पाणी नाही.” त्यांच्याकडे नाईलचे कालवे आहेत, पण जगाच्या बाजारात कापूस पडला तेव्हा त्या कालव्यांचाही काही उपयोग झाला नाही, असं तो म्हणाला.

बाजारात त्याच्याभोवती गर्दी जमली. पोरं म्हणाली, वेस्ट इंडिजचा बॉलर आहे. तोही बेरकी. त्याने दोन-तीनदा हात फिरवून दाखवला. एकाएकी मात्र तो गर्दी तोडून धावला आणि एका म्हातारीच्या गोणपाटासमोर उकिडवा बसला. “करकदे! मॅडम, करकदे!”

गोणपाटावर अंबाडीची वाळलेली लाल बोंडं होती. आपण याचं सरबत करतो, ते सुदानमध्येही करतात, आणि लग्नात तर तेच मुख्य, हे मला तिथे उकिडवं बसून कळलं. माझ्या पेपरात खनिज तेल होतं, शस्त्रास्त्रं होती, परिषदा होत्या. अंबाडी नव्हती.

म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “कोनचं गाव हो याचं?”

“जझीरा,” उस्मान म्हणाला.

“कोन्या तालुक्यात येते?”

मी म्हटलं, “लांब आहे आजी. समुद्रापलीकडं.”

“मंग एवढ्या दुरून अंबाडीसाठी आला का बाप्पा? तिकडं पिकत नाई का?”

“पिकते,” उस्मान म्हणाला. “माझी आजी सरबत करते. लग्नात.”

“लगन झालं का तुयं?”

“नाही.”

म्हातारीने मापावर आणखी एक मूठ टाकली. “ने. आजीले सांगजो, घाटंजीच्या बुढीनं देल्ली. अन् आता लगन कर, लय उंच होऊन राह्यला.”

ती पिशवी त्याने पुढे दिग्रसपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

दिग्रस, गुरुवार

दिग्रसला आम्ही उतरणार होतो ते शबानाच्या घरी. शबाना माझी विद्यार्थिनी. त्या पंधरा मार्कांच्या प्रश्नाला ‘मॅडम, प्रश्न चुकीचा आहे’ अशी सुरुवात करून बारा मार्क नेणारी एकटी मुलगी. तिचे वडील रफीकचाचा जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचं काम करतात. सरकी निघालेल्या रुईची चिमूट घेऊन दोन्ही अंगठ्यांत ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची. यंत्र नंतर तेच सांगतं, फक्त वेळ जास्त घेतं. आई शमीमचाची ठेंगणी, गोल, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी.

चाचीने मला हात धरून आधी स्वयंपाकघरात नेलं. “हे पाहा मॅडम, नवं पातेलं. तुमच्यासाठी आनलं. याच्यात कधी मटन शिजलं नाई, बिनधास्त जेवा.” आता मी गेली तीस वर्षं व्यवस्थित मटण खाते. पण तिने ते पातेलं इतक्या हौसेने दाखवलं, की सांगायचा धीर झाला नाही. उस्मानच्या ताटात रस्सा आणि माझ्या ताटात मुगाचं वरण. मी त्याच्या ताटाकडे बघत वरण भुरकलं. भाकरी मात्र दोघांना एकच. त्याने ज्वारीचा पहिला घास खाल्ला आणि डोळेच मिटले. त्यांच्याकडेही ज्वारीच. पातळ, धिरड्यासारखी, पण ज्वारीच.

जेवताना चाचीने घरची गोष्ट काढली. शबानाचं आर्णीच्या एका मुलाशी जमलं होतं. मुलगा शिक्षक, घर चांगलं. अडलं होतं ते एका गोष्टीवर.

“मी सांगून देल्लं, भाऊ आल्याबिगर निकाह नाई. माया इरफान सौदीले हाय, तीन साल झाले. दर फोनले म्हनते, अम्मी, पुढच्या महिन्यात. अन् पासपोट मालकाजवळ. आता आर्णीवाले म्हनून राह्यले, या महिन्यात तारीख द्या, नाई तं आमचा रस्ता मोकळा.”

“अम्मी, जेवू दे ना त्यांना,” शबाना खाली मान घालून म्हणाली.

“जेवून राह्यले न! मी का ताट धरलं त्यायचं?” चाची म्हणाली, आणि मग अभिमानाने, “ड्रायवर हाय जी इरफान. मोठी कंपनी हाय. एसी गाडी चालवते.”

जेवण झाल्यावर तिने उस्मानला आतल्या दाराकडे वळवलं. दाराच्या वर, जवळजवळ छताला लागून, सोनेरी काठाची फ्रेम होती. कडेने जरीची झालर, बाजूला मोरपीस. आत एक फिकट झालेला, घाईघाईने हाताने लिहिलेला अरबी कागद. इरफानने तो तिकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर जानमाज, म्हणजे नमाजाची सतरंजी, आणि अत्तर यांच्यासोबत पाठवला होता. वरती ‘बिस्मिल्लाह’ लिहिलेलं बघून घरात आनंदीआनंद झाला, आणि चाचांनी दुसऱ्याच दिवशी फ्रेम करून आणली. चाची रोज सकाळी तिथे लोबान फिरवते. “इमामसाहेब म्हने, हाताचं लिहिनं हाय, मले लागत नाई. तुमची तं मायबोलीच अरबी. तुमी वाचून द्या न जी.”

आजूबाजूच्या चार-पाच बायका पदर सावरून दारात जमल्या. एकजण स्टूल घेऊन आली. पण उस्मानला स्टूल कशाला! तो नुसता उभा राहिला आणि कागद बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आला.

त्याने पहिली ओळ अशी काही म्हटली की बायकांनी डोक्यावरचे पदर पुढे ओढले. दुसरी ओळ नुसती वाचली. तिसरी सावकाश. मग तो थांबला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. शेवटपर्यंत वाचून तो चाचीकडे वळला आणि आपल्या पुणेरी मराठीत म्हणाला, “अक्षर फार खराब आहे, चाची. वर अल्लाचं नाव आहे. मग मालकाचं नाव. मग इरफानचं नाव. सगळं चांगलं आहे.”

“इरफानचं नाव हाय त्याच्यात?” चाचीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “कुटी हाय? दाखवा न!”

त्याने बोट ठेवून दाखवलं. तिने स्टुलावर चढून ती जागा काचेवरून हाताने पुसली.

अंगणात आल्यावर मी उस्मानला कोपऱ्यात घेतलं. सव्वीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेल्या बाईला अडखळणं आणि लपवणं यातला फरक कळतो.

“नोकरीचा करार आहे, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “मालकाने स्वतः लिहिलाय. काम लिहिलंय, मेंढपाळ. शेळ्या, मेंढ्या. वाळवंटात.” मग जरा थांबून, “माझा मोठा भाऊ तेच करतो. त्याच देशात. आमच्या गावात पण सगळ्यांना सांगतात, कंपनीत आहे.”

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. आणि त्याबरोबर मास्तरकीची खोडही उफाळून आली. शबानाला तरी सांगायला हवं, खरं ते खरं. उस्मानने मान हलवली. “थांबा मॅडम. हे घर त्यांचं आहे.”

दिग्रस, शुक्रवार

दुपारी उस्मान चाचांबरोबर जुम्म्याच्या नमाजला गेला. परत आला तेव्हा त्याच्या आधी बातमी आली. झालं असं, की नमाजमध्ये इथले लोक हात बांधून उभे राहतात आणि हा आपला हात खाली सोडून उभा. मागच्या रांगेत कुजबुज, शिया आहे का? सुदानी शिया, आणि तोही रफीकच्या घरी उतरलेला! शेवटी इमामसाहेबांनीच खुलासा केला, की बाबांनो, आफ्रिकेत मालिकी पद्धतीचे बरेच लोक असेच उभे राहतात, तेही आपलेच सुन्नी आहेत, गप्प बसा. चाचा हे सांगताना इतके हसत होते की त्यांना ठसका लागला.

“मंग चहाच्या दुकानात एकानं विचारलं, तुमी दर्ग्यावाले का बिनदर्ग्यावाले? तं हे म्हने, आमच्याकडं पिरांचेच पक्ष असतात, तेच इलेक्शन लढतात. आता सांगा! लोकायचं डोकंच चालेना.”

मी मनातल्या मनात त्या पंधरा मार्कांच्या प्रश्नावर काट मारली. शबाना माझ्याकडे बघून गालात हसली.

त्याच दुकानात एका म्हाताऱ्याने उस्मानला विचारलं होतं, तुमचा मुल्क कायच्यावरून तुटला? त्याचं उत्तर चाचांनी मला पुन्हा त्याच्याकडूनच ऐकवलं. “पेपरात लिहितात, धर्म. बाबा म्हणतात, तेल. आजी म्हणते, आम्ही त्यांच्याकडे जेवायला जात नव्हतो, ते आमच्याकडे येत नव्हते, मग आणखी काय होणार?” मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चाचीला म्हटलं, “चाची, मी मटण खाते.”

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मंग काल काहून नाई सांगतलं? ही पोट्टी म्हने, मॅडम वरनभातवाल्या हाय! मुगाचं वरन खाऊन राह्यल्या बिचाऱ्या!” संध्याकाळी मला रस्सा मिळाला, आणि तोही नव्या पातेल्यातलाच. बिचाऱ्या पातेल्याचं सोवळं एका दिवसात सुटलं.

त्याआधी, दुपार कलताना, चाचा आम्हाला जिनिंगवर घेऊन गेले. सहा यंत्रांपैकी दोन चालू होती. आवारात गाड्यांची रांग असायला हवी त्या दिवसांत तीन-चार गाड्या. चाचा म्हणाले, “दिल्लीवाले एक्सपोर्ट बंद करते, आमचं जिनिंग थंडं. चालू करते, तवापर्यंत भाव गेलेला. या गाठी पाहा, काही बांगलादेशले जाते, काही पाकिस्तानात. कराचीले मायी फुफी होती, बापाची बहीन. तिच्या मयतीले आमाले व्हिसा नाई भेटला. गाठी मात्र बराबर जाते.”

उस्मानने खिशातून एक छोटी पुडी काढली. त्यात त्याच्या वडिलांच्या शेतातला कापूस होता. चाचांनी चिमूट घेतली, अंगठ्यांत ओढली, पुन्हा ओढली, आणि डोळे मोठे केले. “हा कापूस हाय का रेशीम? नाव काय याचं?”

“बरकत,” उस्मान म्हणाला. खरंच, त्यांच्याकडे त्या लांब धाग्याच्या वाणाचं नावच ते आहे.

चाचा ‘बरकत, बरकत’ करत ती चिमूट ओढत राहिले. मग वर न बघता म्हणाले, “सर, काल तुमी कागद वाचला म्हने.”

“हो.”

“सगळा?”

“सगळा.”

यंत्राच्या आवाजात मी त्यांच्याजवळ सरकले. चाचा कापसाकडेच बघत बोलत होते. “इमामसाहेबाले तवा एकच शब्द लागला होता. त्यायनं मायाच कानात सांगतला. मी म्हनलं, कोनाले सांगू नका. फ्रेम केली अन् हात पोचनार नाई अशी वर टांगून देली. खाली ठेवलं असतं तं कोनी ना कोनी वाचलं असतं. शमीमले मालूम नाई. तिले समजलं तं ती घास गिळाची नाई. फिटर होता जी माया पोरगा. या मशीनचं दुखनं नुसत्या आवाजावरून सांगे.”

म्हणजे चाचांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त उस्मानच्या उंचीचा केला नव्हता. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. मी ते कापसाच्या धुळीवर ढकललं.

“त्याच्यात घरी येन्याचं काई लिहिलं हाय का?” चाचांनी विचारलं.

“लिहिलं आहे,” उस्मान म्हणाला. “दोन वर्षं झाली की दोन महिने सुट्टी. जायचं-यायचं तिकीट मालकाने द्यायचं. त्याचीच सही आहे.”

चाचांच्या हातातली चिमूट तिथेच राहिली. तीन वर्षं तो कागद त्यांच्या दारावर होता, इरफानकडेही त्याची प्रत असणार, आणि बापलेकांपैकी एकालाही ही ओळ वाचता येत नव्हती.

दिग्रस, शनिवार

कागदाच्या तळाशी मालकाचा फोन नंबर होता. सकाळी चाची भाकऱ्या थापत होती तेव्हा उस्मानने हळूच फ्रेमसमोर उभं राहून तो उतरवून घेतला. ठरलं असं, की पुढच्या खोलीत बसून फोन करायचा, चाचीला काही कळू द्यायचं नाही. तिकडच्या मालकाला कफील म्हणतात. माझ्या नोट्समध्ये त्यावर ‘प्रायोजकाधारित श्रम-स्थलांतर व्यवस्था’ अशा दोन ओळी आहेत. त्या दोन ओळींच्या पेटीत इरफानचा पासपोर्ट होता. चाचा खाटेच्या कडेवर बसले होते आणि त्यांचा एक पाय सारखा हलत होता. शबाना दाराला टेकून उभी होती. तिला वडिलांनी सकाळी एवढंच सांगितलं होतं, की भावाच्या सुट्टीचं विचारतो आहोत.

फोन लागला. मला वाटलं, आता भांडण होणार. पण पहिली दोन-तीन मिनिटं दोघं नुसती ख्यालीखुशालीच विचारत होते. तब्येत, मुलं, पाऊस, जनावरं, पुन्हा तब्येत. मग उस्मानचा आवाज बदलला. हळू, पण खडखडीत. तो काय बोलला ते त्याने नंतर आम्हाला सांगितलं, ते असं :

“हाजी, मी हिंदुस्थानातून बोलतोय, तुमच्या इरफानच्या घरून. तुम्ही त्याला लिहून दिलेला करार त्याच्या आईने भिंतीवर लावलाय. वर तुम्ही बिस्मिल्लाह लिहिलंत म्हणून. तिला वाचता येत नाही. ती रोज त्याच्यासमोर लोबान जाळते. तुमच्या अक्षराला मान देते. खाली तुम्ही काय कबूल केलंय, ते मी वाचलं. बिस्मिल्लाह लिहून कबूल केलंय, हाजी.”

 चाचांचा पाय थांबला.

मग पलीकडचा म्हातारा मालक म्हणाला म्हणे, “माझ्या अक्षराला?” आणि मग, “मुलाने कधी मागितलं नाही.”

“त्याला तुमचं अक्षर वाचता येत नाही.”

 मग म्हातारा बोलला, भराभर, थोडा चिडून, थोडा लाजून. मेंढ्या व्यायला आल्यात, तेवढं निभावलं की त्याला सोडतो. तिकीट काढतो. पासपोर्ट आजच त्याच्या हातात देतो. तू साक्षी आहेस. आणि मग, थांब, तो इथेच आहे, बोल त्याच्याशी.

उस्मानने घाईत फोन चाचांकडे दिला आणि त्या गडबडीत स्पीकरचं बटण दाबलं गेलं. खोलीभर शेळ्या-मेंढ्या ओरडायला लागल्या. एक-दोन नाही, अख्खा कळप. त्यातून एका मुलाचा आवाज, “हॅलो? अब्बा?”

चाचा बटण शोधत होते, त्यांना ते सापडेना. मीही झडप घातली, पण मला कुठे त्यातलं कळतं! तेवढ्यात आतून चाची आली. दोन्ही हातांना पीठ. तिने नवऱ्याच्या हातातला फोन दोन्ही मनगटांच्या चिमट्यात ओढून घेतला आणि तोंडासमोर धरला. मुलाचा आवाज एकदम बदलला, मोठा झाला, खोटा झाला. “अम्मी! हाँ अम्मी, गाडी में हूँ, रास्ते में...”

चाचीने त्याला पुरं बोलू दिलं नाही. रोज विचारावं तसं तिने विचारलं, “बेटा, बकरियों को पानी पिलाया क्या?”

पलीकडे नुसत्या शेळ्या ओरडत होत्या. मग, बारीक आवाजात, “पिलाया, अम्मी.”

“और तूने खाना खाया?”

“खाया.”

“सच बोल.”

“अब खाता हूँ, अम्मी.” आणि मग तो रडायला लागला. चाचीही रडली, पण फोनपासून तोंड बाजूला करून. तोंड पुन्हा जवळ आणून तिने त्याला शबानाची तारीख विचारली, जणू तोच घरातला मोठा, आणि तोच ठरवणार. त्याने मालकाला विचारून महिना सांगितला. तोच महिना परवाच्या पत्रिकेवर छापून आला, आणि खालच्या यादीत पहिलं नाव त्याचंच.

फोन ठेवल्यावर कोणीच कोणाकडे बघेना. चाचा म्हणाले, “तुले मालूम होतं?”

“तीन साल झाले, दर फोनले शेळ्या वरडते,” चाची म्हणाली. “एसी गाडीत शेळ्या कोन बसवते जी? तुमाले वाईट वाटन म्हनून मी नाई बोलली. तुमी लोकाले ड्रायवर सांगत होते, मीबी सांगे.”

शबाना भिंतीला धरून खाली बसली होती आणि उस्मान तिच्यासमोर अंबाडीच्या सरबताचा पेला धरून उभा होता. लग्नाचं सरबत आहे, पी, असं काहीसं तो आपल्या मराठीत समजावत होता.

चाचांना काय करावं ते सुचेना. कसंनुसं तोंड करून त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि फ्रेमच्या खिळ्याला हात घातला. आता सगळं उघड झालं, तर तो नोकरीचा कागद तिथे ठेवायचा कशाला, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तेच वाटलं.

“काय करून राह्यले?” चाची ओरडली.

“उतरवतो. करार हाय तो, शमीम. दुआ नाई.”

चाची माझ्याकडे वळली. पिठाचा हात तिने डोळ्यांना लावला होता, त्यामुळे गालावर पांढरे पट्टे उमटले होते. “तुमीच सांगा न यायले, मॅडम. वर अल्लाचं नाव हाय, खाली माया लेकराचं. उतरवाचं कायले?”

चाचा स्टुलावरून खाली उतरले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तशी चाची आत पळाली.